जी-३१२ : एका सांकेतिक यंत्राची चोरी

इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात ‘जी-३१२’ असा क्रमांक असलेले एक एनिग्मा यंत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याची हेरसंघटना, आबवेर, आपले संदेश गुप्त लिपीत पाठवण्यासाठी ज्या जातीची यंत्रे वापरत असे, त्या जातीचे हे यंत्र. अशी यंत्रे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. १ एप्रिल २००० रोजी, शनिवारी, दिवसाढवळ्या, लोक संग्रहालय पाहत हिंडत असताना ते काचेच्या कपाटातून नाहीसे झाले. साडेसहा महिन्यांनी ते टपालाने परत आले, पण अपुरे. ज्या तीन चक्रांमुळे एनिग्मा हे एनिग्मा ठरते, नेमकी तीच चक्रे त्यात नव्हती.

या चक्रांना एवढे महत्त्व का, हे कळल्याशिवाय चोरीचे मोल कळत नाही. एनिग्मा दिसते टंकलेखन यंत्रासारखे. एक पेटी, तिच्यात २६ अक्षरांच्या कळा, आणि कळांच्या मागे तेवढ्याच लहान गोल खिडक्या. प्रत्येक खिडकीवर एक अक्षर आणि तिच्याखाली एक दिवा. कळ दाबली की एक दिवा लागतो, पण दाबलेल्या अक्षराचा कधीच नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी अक्षराचा. उजळलेली अक्षरे कागदावर उतरवून घ्यायची आणि बिनतारी यंत्रणेने पाठवायची. पलीकडे तसेच यंत्र, त्यावर तशीच मांडणी. तिथे हीच अक्षरे दाबत गेले की मूळ मजकूर दिव्यांवर उजळत जातो. छापील असे काहीच बाहेर पडत नाही.

अक्षरांची अदलाबदल होते ती चक्रांच्या पोटात. प्रत्येक चक्राच्या दोन्ही बाजूंना २६ विद्युतस्पर्श असतात आणि आत २६ तारा आडव्यातिडव्या जोडलेल्या असतात. एका बाजूच्या पहिल्या स्पर्शातून शिरलेली वीज दुसऱ्या बाजूला अकराव्यातून बाहेर पडेल, नाहीतर चोविसाव्यातून. अशी तीन चक्रे शेजारीशेजारी, आणि त्यांच्या टोकाला एक परावर्तक. परावर्तक वीज माघारी फिरवतो आणि ती पुन्हा तिन्ही चक्रांतून, वेगळ्या वाटेने, दिव्यापर्यंत येते. शिवाय दर वेळी कळ दाबताना निदान एक चक्र एक घर पुढे सरकते. त्यामुळे एकच अक्षर लागोपाठ तीनदा दाबले, तर तिन्ही वेळा वेगवेगळे अक्षर उजळू शकते.

परावर्तकामुळे पाठवणारा आणि घेणारा यांना एकच मांडणी चालते, ही मोठी सोय. पण तिच्यामुळेच यंत्रात एक कायमचा दोष शिरला. कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडू शकत नाही. संदेशात अमुक शब्द असावा अशी शंका आली, तर तो शब्द सांकेतिक मजकुराखाली सरकवून पाहायचा. एकही अक्षर वरच्या अक्षराशी जुळले, तर ती जागा बाद. एवढ्याशा फटीतून युद्धकाळात ब्लेचलीत बसून शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिशांनी पुष्कळ काही बाहेर काढले.

आर्थर शेर्बियस या जर्मन अभियंत्याने १९१८ मध्ये या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. आधी ते व्यापारी कंपन्यांसाठी विकायला ठेवले गेले. १९२६ मध्ये जर्मन नौदलाने ते घेतले आणि १९२८ मध्ये भूदलाने. डिसेंबर १९३२ मध्ये पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने भूदलाच्या एनिग्मातल्या चक्रांची अंतर्गत जोडणी गणिताने शोधून काढली. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सहकारी. युद्ध तोंडावर आल्यावर, जुलै १९३९ मध्ये, वॉर्साजवळ झालेल्या भेटीत पोलंडने आपले सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिले. ब्लेचलीचे यश या पायावर उभे आहे. ब्लेचलीची कथा सांगताना हे नेहमी आधी सांगायला हवे, कारण ते बरीच वर्षे सांगितले गेले नाही.

आबवेरचे यंत्र भूदलाच्या यंत्राहून वेगळे होते. भूदलाच्या एनिग्माला पुढच्या बाजूने तारांनी अक्षरांच्या जोड्या लावण्याचा एक फळा होता आणि त्यामुळे संभाव्य मांडण्यांची संख्या अफाट वाढत असे. आबवेरच्या यंत्रात हा फळा नव्हता. त्याऐवजी परावर्तकही फिरता होता, म्हणजे फिरणारे घटक तीनऐवजी चार. चक्रे एकमेकांना दातेरी चाकांनी जोडलेली, किती कळा दाबल्या ते दाखवणारा आकडा बसवलेला, आणि चूक झाली तर यंत्र उलटे फिरवण्यासाठी हँडल. खरा फरक मात्र खाचांचा होता. चक्रावरची खाच ठरावीक जागी आली की शेजारचे चक्र एक घर पुढे ढकलले जाते. भूदलाच्या नेहमीच्या चक्रांवर अशी एकच खाच असे. त्यामुळे मधले चक्र क्वचितच हलायचे. आबवेरच्या चक्रांवर ११, १५ आणि १७ खाचा होत्या. ती सतत आणि अनियमितपणे हलत राहायची. हे यंत्र बनवणाऱ्यांना वाटले असणार की या गोंधळातून कुणालाच वाट सापडणार नाही.

वाट सापडली ती अल्फ्रेड डिलविन नॉक्स यांना. सगळे त्यांना डिली म्हणत. नॉक्स मूळचे प्राचीन ग्रीक भाषेचे विद्वान, जीर्ण पपायरसच्या तुकड्यांवरून हरवलेला मजकूर जुळवण्यात हयात घालवलेले. पहिल्या महायुद्धापासून ते गुप्त लिपीच्या कामात होते. ब्लेचलीच्या आवारातल्या तबेल्याजवळ एका लहानशा घरात त्यांची तुकडी बसे आणि तिच्यात बहुतेक तरुण मुली होत्या. आबवेरचे यंत्र यांच्यापैकी कुणीच पाहिलेले नव्हते. हाती होते ते फक्त हवेतून पकडलेले सांकेतिक संदेश.

नॉक्स यांनी यंत्राच्या बलस्थानातच त्याचे मर्म पाहिले. इतक्या खाचा असतील, तर केव्हातरी चारही घटक एकाच वेळी एक घर पुढे सरकणार. तसे झाले की आतली सगळी जोडणी जशीच्या तशी राहते आणि फक्त अख्खी एक घर सरकते. म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या अक्षरांत एक सरळ नाते उरते, आणि ते नाते कागदावर शोधता येते. अशा प्रसंगांना नॉक्स यांनी खेकडा आणि शेवंड अशी नावे ठेवली होती. मुली दिवसभर आकड्यांच्या आणि अक्षरांच्या तक्त्यांत शेवंडी शोधत बसत. त्यातच आबवेरचे लोक प्रत्येक संदेशाची चार अक्षरी किल्ली, म्हणजे चक्रांची सुरुवातीची जागा सांगणारी अक्षरे, सुरुवातीला दोनदा सांकेतिक करून पाठवत. भूदलाने ही घातक सवय १९४० मध्ये सोडली होती, आबवेरने सोडली नव्हती. ८ डिसेंबर १९४१ रोजी मेव्हिस लीव्हर या वीस वर्षांच्या मुलीने बेलग्रेड–बर्लिन मार्गावरचा एक संदेश फोडला आणि त्यातून एका चक्राची जोडणी उभी राहिली. थोड्याच दिवसांत सगळे यंत्र खुले झाले आणि नाताळच्या दिवशी उलगडलेला पहिला संदेश वरिष्ठांकडे गेला. तेव्हा नॉक्स कर्करोगाने आजारी होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने चाललेल्या विभागाने युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार संदेश उलगडले.

या संदेशांचा उपयोग रणांगणावरच्या बातमीसारखा नव्हता, त्याहून खोल होता. ब्रिटनमध्ये उतरलेले जर्मन हेर पकडून ब्रिटिशांनी त्यांना आपल्या बाजूला वळवले होते आणि त्यांच्यामार्फत जर्मनांना खोट्या बातम्या पुरवल्या जात होत्या. पण शत्रूचा या बातम्यांवर विश्वास बसतो आहे की नाही, हे कळायचे कसे? आबवेरची ठाणी बर्लिनला काय कळवतात, हे वाचता येऊ लागले आणि उत्तर रोजच्या रोज मिळू लागले. गार्बो या टोपणनावाचा ह्वान पुजोल हा स्पॅनिश दुहेरी हेर या फसवणुकीचा कणा होता. त्याने कल्पनेतल्या हस्तकांचे अख्खे जाळे उभे केले होते आणि त्याच्या बातम्या माद्रिदच्या ठाण्यामार्फत बर्लिनला पोहोचत. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतरही खरा हल्ला कॅलेजवळ व्हायचा आहे, असे जर्मन सेनापतींना वाटत राहिले. त्या समजुतीने किती सैनिकांचे प्राण वाचले, त्याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही.

भारतीय वाचकाला यात एक ओळखीचे नाव भेटते. सुभाषचंद्र बोस यांना जानेवारी १९४१ मध्ये काबूलपर्यंत नेणारे भगतराम तलवार पुढे जर्मनांचे हेर म्हणून नोंदले गेले, आणि प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या सांगण्यावरून जर्मनांना खोटी माहिती देऊ लागले. त्यांचे सांकेतिक नाव ‘सिल्व्हर’. त्यांना हाताळणारे अधिकारी दिल्लीत होते. ब्लेचलीशी त्यांचा थेट संबंध आला नसला, तरी आबवेरला फसवण्याचा खेळ तोच होता.

युद्ध संपल्यावर ब्लेचलीत काम केलेल्या सुमारे दहा हजार लोकांनी तोंडाला कुलूप लावले. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. अनेकींनी नवऱ्यालाही काही सांगितले नाही. १९७४ पर्यंत ही गोष्ट जगाला ठाऊकच नव्हती. दरम्यान ब्लेचलीचे आवार ओस पडत गेले आणि १९९१ च्या सुमारास तिथे घरे बांधण्यासाठी इमारती पाडण्याची वेळ आली. स्थानिक इतिहासप्रेमींनी जुन्या कर्मचाऱ्यांना निरोपासाठी बोलावले. त्या मेळाव्यात ऐकलेल्या आठवणींनी ते इतके हलले की निरोपाचा बेत सोडून त्यांनी जागा वाचवायचा निर्धार केला. १९९२ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी दारे लोकांसाठी उघडली. पैसा कमी, इमारती गळक्या, आणि काम बरेचसे स्वयंसेवकांच्या जिवावर. जी-३१२ ज्या काचेच्या कपाटात होते, ते अशा संस्थेचे कपाट होते.

१ एप्रिल २००० ची चोरी म्हणूनच सोपी ठरली. रात्री भिंत फोडण्याची किंवा रखवालदाराला बांधून ठेवण्याची गरज पडली नाही. एनिग्मा ही मुळातच युद्धात वाहून न्यायची वस्तू. एका माणसाला ती उचलून नेता येते. पोलिसांनी आवार पिंजून काढले, बातमी जगभर गेली. यंत्राची किंमत लाख पौंडांच्या घरात धरली गेली आणि ते परत मिळवून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. तरीही पाच महिने काहीच घडले नाही.

अशा वस्तूच्या चोरीत चोराची एक अडचण असते. यंत्राची सगळी किंमत त्याच्या क्रमांकात आहे. जी-३१२ कुठले, कुणाचे, कुठून गेले, हे संग्राहकांच्या जगात सर्वांना ठाऊक. क्रमांक ठेवला तर ते कुणाला दाखवता येत नाही, खोडला तर उरते एक अनामिक पेटी. उघड्या लिलावात ते कधीच येऊ शकत नाही. ज्या वस्तूंवर असा क्रमांक नसतो, त्यांची वाट लांब असते. अमेरिकी यादवी युद्धात ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाचे नेतृत्व करणाऱ्या जॉन वर्डन यांना भेट मिळालेली, टिफनीने घडवलेली तलवार १९३१ मध्ये तिथल्या नौदल अकादमीतून चोरीला गेली आणि सापडली ती २००४ मध्ये. मधली त्र्याहत्तर वर्षे ती हातोहात फिरत राहिली. जी-३१२ तसे फिरू शकत नव्हते. त्याला एकच खरा गिऱ्हाईक होता, तो म्हणजे ज्यांच्याकडून ते गेले तेच.

सप्टेंबर २००० मध्ये पत्रे येऊ लागली. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव दिले नाही. ‘मास्टर’ असे नाव त्या पत्रव्यवहाराला चिकटले. यंत्र ज्याच्याकडे आहे त्याने ते चोरीचे आहे हे न कळता विकत घेतले, आणि आपण त्याच्या वतीने लिहीत आहोत, असा त्याचा दावा होता. मागणी २५ हजार पौंडांची. पैसे दिले नाहीत तर यंत्र नष्ट केले जाईल, ही धमकी.

संस्थेपुढे कठीण पेच होता. खंडणी दिली तर उद्या दुसऱ्या कपाटावर कुणाचा तरी डोळा जाणार. न दिली तर जे यंत्र जर्मनीच्या पराभवातून वाचले, ते पन्नासपंचावन्न वर्षांनी एखाद्या गॅरेजमध्ये हातोड्याखाली जायचे. एकदा चक्रे मोडली आणि तारा तुटल्या की पुन्हा बनवलेले यंत्र ही नक्कल असते. तेव्हाच्या संचालिका क्रिस्टीन लार्ज या पोलिसांच्या मदतीने हा संवाद सांभाळत होत्या. पुढे त्यांनी या प्रकरणावर पुस्तकही लिहिले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संस्थेने पैसे देण्याची तयारी जाहीर केली. पत्रात दिलेली मुदत आली आणि गेली. पलीकडून शब्दही आला नाही.

मग ऑक्टोबरच्या मध्यात बीबीसीचे निवेदक जेरेमी पॅक्समन यांच्या नावाने एक खोके टपालाने आले. राजकारण्यांना धारेवर धरणारे मुलाखतकार म्हणून ब्रिटनमध्ये घराघरात माहीत असलेले हे गृहस्थ. खोक्यात जी-३१२ होते. कळा होत्या, दिवे होते, पेटी होती. तीन चक्रे मात्र नव्हती. ज्याने ती काढून घेतली, त्याला यंत्राचे मर्म कशात आहे ते नेमके माहीत होते. बाकी सगळे एखाद्या चांगल्या कारागिराला बनवता येईल. चक्रांच्या पोटातली मूळ जोडणी मात्र त्याच चक्रांत होती.

एक गोष्ट आबवेर आणि हा खंडणीखोर यांच्यात सारखी आहे. गुप्त राहायचे, पण निरोपही पाठवायचा, अशी दोघांची गरज. निरोप पाठवला की वाट उघडी पडते. नॉक्स यांच्या हाती यंत्र नव्हते, फक्त निरोप होते, आणि तेवढे त्यांना पुरले. इथेही तसेच झाले. चक्रे परत देण्याची बोलणी करण्यासाठी नोव्हेंबर २००० मध्ये एका माणसाने ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राला दूरध्वनी केला आणि त्यानंतर पोलिसांनी त्याला अटक केली. तो इंग्लंडच्या मध्य भागातला पुराणवस्तूंचा व्यापारी निघाला. आपण फक्त मध्यस्थ होतो, हे त्याचे म्हणणे.

खटला उभा राहिला तेव्हा त्याने चोरीचा माल हाताळल्याचा गुन्हा कबूल केला. कपाटातून यंत्र उचलल्याबद्दलची ही शिक्षा नव्हती. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयाने त्याला दहा महिन्यांची कैद दिली आणि त्यातले तीन महिने भोगून तो सुटला. ज्या वस्तूभोवती सारे जग सहा महिने चिंतेत होते, तिच्यासाठी ही शिक्षा फार थोडी वाटते. कायदा चोरीच्या मालाची किंमत मोजतो. त्या मालाला पर्याय नाही, हे मोजण्याची सोय त्यात क्वचितच असते.

चक्रेही परत आली आणि जी-३१२ पुन्हा पूर्ण झाले. या गाजावाजाचा एक परिणाम असा झाला की ब्लेचली पार्क हे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही कानावर ते पडले. पुढच्या वर्षांत संस्थेला मोठे अनुदान मिळाले, लाकडी झोपड्यांसारख्या युद्धकालीन इमारती दुरुस्त झाल्या आणि संग्रहालय आजच्या रूपाला आले. मेव्हिस लीव्हर, लग्नानंतरच्या मेव्हिस बेटी, २०१३ पर्यंत जगल्या. म्हातारपणी त्यांनी आपल्या गुरूंचे, नॉक्स यांचे, चरित्र लिहिले. तरुणपणी न पाहिलेल्या ज्या यंत्राची चक्रे त्यांनी कागदावर उभी केली होती, त्याच जातीचे हे यंत्र आता त्याच आवारात काचेमागे आहे, चक्रे जागच्या जागी बसवलेली, क्रमांकाची पट्टी समोर.